चारशे टक्के

सकाळपासून सूनबाईने तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा प्यायची विसरली. साडेअकराला दुकानाच्या मागच्या खोलीत तिचा नवरा सासऱ्यांना आलेख दाखवणार होता.

दुकान सायकलींचं, सासऱ्यांनी उभं केलेलं. पुढे विक्री, मागे दुरुस्ती. दुरुस्तीला तीस वर्षांपासून एकच मिस्त्री. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी विजेवर चालणाऱ्या सायकली विकायला ठेवल्या होत्या. आता त्याला दुरुस्ती बंद करून त्या जागेतही त्याच मांडायच्या होत्या. आलेखासाठी लागणारे आकडे त्याने बायकोकडूनच घेतले होते, कारण पावत्यांच्या वह्या तिच्या ताब्यात. म्हणजे उद्या मिस्त्री घरी बसले, तर त्यात तिचाही हात.

काल दुपारी तिने त्या वह्या पुन्हा काढल्या होत्या. नवऱ्याला दोनदा म्हणाली, "एकदा बघ ना माझ्याबरोबर." तो म्हणाला, "आधी मला हे रंगवू दे."

साडेअकराला त्याने कागद भिंतीवर चिकटवला. सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे मिस्त्रींची हातोडी चालू होती.

"ही हिरवी रेघ विजेच्या सायकलींची," नवरा म्हणाला. "दुसऱ्या वर्षी वाढ शंभर टक्के, तिसऱ्या वर्षी दीडशे. पहिल्या वर्षापासून धरली तर चारशे. ही लाल दुरुस्तीची. आधी वीस टक्के घटली, मग वीस टक्के वाढली. म्हणजे होती तिथेच."

हिरवी रेघ छताला भिडायला निघाली होती. लाल रेघ अंथरूण धरलेल्या माणसासारखी खाली पडून होती.

"भलतीच वाढ आहे," सासरे म्हणाले. "मग करू या बंद?"

नवऱ्याला वडिलांसमोर खोटं पाडायचं सूनबाईच्या मनात नव्हतं, पण गप्प बसवतही नव्हतं.

"बाबा, एक सांगू?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी आपण विजेच्या सायकली विकल्या आठ. मग सोळा. गेल्या वर्षी चाळीस."

सासऱ्यांनी मान वळवली. "चाळीसच?"

"आठाचे चाळीस म्हणजे चारशे टक्के वाढ होतेच," नवरा म्हणाला. "मी काही खोटं लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिलंस. पण चारशे टक्के म्हणजे बत्तीस सायकली. दुरुस्ती गेल्या एका वर्षात चारशे कामांनी वाढली आणि कागदावर ती वीस टक्के दिसते, कारण ती मुळात हजारांत आहे."

पलीकडची हातोडी थांबली. मिस्त्री ऐकत होते हे तिला कळलं, आणि पुढचं वाक्य जिभेवर जड झालं. पण अर्धं खरं सांगून ती सुटणार नव्हती.

"आणि दुरुस्ती होती तिथेही नाही, बाबा. पहिल्या वर्षी अडीच हजार कामं होती. त्यातली वीस टक्के म्हणजे पाचशे गेली, उरली दोन हजार. त्या दोन हजारांवर वीस टक्के वाढ म्हणजे चारशे. झाली चोवीसशे. शंभर कामं अजून कमीच आहेत. चार टक्के घट."

"हेच तर मी म्हणतोय," नवरा पटकन म्हणाला.

"थांब. काल मी विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही वह्यांतली नावं जुळवली. विजेची सायकल घेणाऱ्या चाळीस जणांतले एकतीस आधी मिस्त्रींकडे दुरुस्तीला येत होते. शंभरातले सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. दुरुस्ती बंद झाली तर ते आपल्या दारात येतील कशाला?"

सासऱ्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला, आणि आडभिंतीकडे पाहून हाक मारली, "मिस्त्री, जरा आत या."

मिस्त्री हात पुसत आले. सासऱ्यांनी त्यांना बसायला सांगितलं.

"दुरुस्ती चालू राहील. पण विजेच्या सायकलींना भिंतीकडची जागा द्यावी लागेल. आणि त्या दुरुस्त करायला तुम्हाला शिकावं लागेल."

"या वयात?" मिस्त्री म्हणाले.

"मला या वयात टक्के शिकावे लागले ना?"

मिस्त्री कसनुसं हसले. मान डोलावली, पण त्यांच्या तोंडावर आनंद दिसेना.

दोघं बाहेर गेल्यावर नवऱ्याने कागद भिंतीवरून सोलून काढला. एक कोपरा फाटला.

"घरात सांगायला काय झालं होतं?"

"काल दोनदा सांगायला आले होते."

त्याने कागद उलटा करून टेबलावर पसरला, पट्टी शोधली, सापडेना म्हणून वहीच्या कडेने रेघ ओढू लागला. ती दारात उभी राहिली. जावं की थांबावं तिला कळेना. तो रागावलाय की विचार करतोय, त्याच्या पाठीवरून ओळखू येत नव्हतं.

मग तो वर न बघता म्हणाला, "पहिल्या वर्षीची दुरुस्ती किती म्हणालीस?"

"अडीच हजार," ती म्हणाली आणि वह्या घेऊन त्याच्या शेजारी बसली.