मधलं स्टेशन

सलिलने मेलबर्नहून आईबाबांसाठी सायकल-सहल ठरवली, तेव्हा गोपाळकृष्णरावांनी ते आधी सोसायटीत सांगितलं आणि मग बायकोला. तिकडे बंद पडलेल्या रेल्वेलाइनीचे रूळ काढून सायकलींसाठी वाट केली होती, थेट शेताशेतांतून. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली, सामान न्यायला सहलीची गाडी, मुक्कामाला खेड्यांतली छोटी हॉटेलं.

वासंतीबाईंची सायकल लग्नानंतर सुटली ती सुटलीच होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होईपर्यंत त्या बसनेच शाळेत गेल्या. आता त्यांनी भाड्याची ई-सायकल आणली आणि कोथरूडच्या गल्ल्यांमधून भल्या सकाळी सराव सुरू केला. पडल्या, कोपर सोललं, पण सोडलं नाही.

"तुम्हीही एकदा चालवून बघा ना," त्या म्हणाल्या.

"मला शिकवतेस? पेठांमधून डबलसीट हिंडलोय मी."

तिकडे पहिल्याच दिवशी वासंतीबाईंना काहीतरी गवसलं. निलगिरीची झाडं, कुंपणापलीकडच्या मेंढ्या, पायांखाली कुरकुरणारी खडी. पाय नुसते फिरवायचे आणि पुढे जायचं. मागून गोपाळकृष्णराव ओरडत होते, "ब्रेकवर हात ठेव! डावीकडून!" थोड्या वेळाने ते ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण बऱ्याच पुढे आलो आहोत.

संध्याकाळी जेवताना सहलीची गाडी चालवणाऱ्या बाईने त्यांचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ही कुठे चालवतेय? बॅटरी चालवतेय," गोपाळकृष्णराव इंग्रजीत म्हणाले आणि एकटेच हसले.

दुसऱ्या दिवशी निघाल्यापासून त्यांनी बॅटरी सगळ्यात जोरात लावली. "चढासाठी राखून ठेवा," असं त्या बाईने बजावलं होतं. ते सगळ्यांच्या पुढे गेले. दुपारनंतर वासंतीबाईंना ते एका जुन्या स्टेशनावर भेटले. लाकडी फलाट, नाव पुसट झालेली पाटी, गाड्या कधीच बंद. बॅटरी संपलेली सायकल भिंतीला टेकवून ते घाम पुसत होते. बाकीची मंडळी पुढे निघून गेली होती. फोनला रेंज नव्हती.

"तुझी दे," ते म्हणाले.

"आणि मी?"

"तू बस इथे. मी पोचलो की लगेच गाडी पाठवतो. अनोळखी रस्त्यावर तुला एकटीला कसं सोडू?"

वासंतीबाईंनी सायकल दिली. आयुष्यभर देत आल्या होत्या तशीच.

त्या फलाटावर बसून राहिल्या. गूळपोळीचा एक तुकडा पिशवीत होता, तो खाल्ला. एक म्हातारं जोडपं सायकलींवरून आलं, थांबलं, काही मदत हवी का म्हणालं. "माझे यजमान गाडी पाठवताहेत," त्यांनी सांगितलं. ते गेले. ऊन उतरलं, वारा सुटला. पातळ स्वेटरमध्ये त्या कुडकुडू लागल्या. मेंढ्यासुद्धा कुठेतरी आडोशाला गेल्या.

अंधार पडता पडता गाडी आली. ती पाठवलेली नव्हती. हॉटेलात सगळे मोजताना एक माणूस कमी भरलं, म्हणून ती बाई स्वतःच शोधत निघाली होती. "तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, तुम्ही दमलात, सावकाश मागून येताय," ती म्हणाली. तिने हीटर लावला आणि वाटभर आणखी काही विचारलं नाही.

गोपाळकृष्णराव आंघोळ करून सूप पीत बसले होते.

"आलीस? बस. सूप छान आहे."

वासंतीबाई सरळ खोलीत गेल्या. उरलेली सहल त्यांनी पुरी केली, सगळ्यांच्या शेवटी राहून.

पुण्याला परतल्यावर गोपाळकृष्णरावांनी शेजाऱ्यांना बोलावलं. टीव्हीवर फोटो दाखवले. जुन्या स्टेशनाचा फोटो आला. "इथे हिने बैठक मारली! झेपेना. मग काय, पुढे मी एकटाच."

वासंतीबाई कॉफीचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"मी दमले नव्हते. यांची बॅटरी संपली म्हणून यांनी माझी सायकल नेली. आणि मला न्यायला गाडी पाठवायचं विसरले."

शेजारच्या ललिताताई हसल्या, "चालायचंच! नवऱ्यांचं असंच असतं," आणि सगळेच हसले. गोपाळकृष्णरावांनी पुढचा फोटो लावला.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "चारचौघांत माझी लाज काढायची काय गरज होती?"

"खोटं चारचौघांत सांगितलंत म्हणून."

बाबांकडून कळल्यावर सलिलचा फोन आला. "आई, बाबांचं वय झालंय गं. सोडून दे ना."

"माझं नाही झालं?"

तो हवापाण्याचं बोलू लागला.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा सहल ठरवू का म्हणून विचारलं. "तुम्ही जाऊन या," वासंतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. एकटं जाणं गोपाळकृष्णरावांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी सलिलला 'नको' म्हणून कळवलं.

"हिचे गुडघे," ते आता भेटेल त्याला सांगतात. "नाहीतर मी काय, आजही निघेन."

वासंतीबाई स्वयंपाकघरात असतात. त्यांना ऐकू येतं. त्या आता दुरुस्त करत नाहीत.