सुटलेलं पान

कौतिकने एकदम दोन पानं उलटली आणि कोणाला कळायच्या आत पुढचं वाचायला सुरुवात केली.

नऊला केळीचा ट्रक त्याला न्यायला फाट्यावर थांबणार होता. चोपड्याच्या गिरधरशेठने केळीच्या ट्रकभरणीवर देखरेखीचं काम दिलं होतं. महिना अठरा हजार, अट एकच, रविवार अख्खा शेठचा, आणि तोही आजपासूनच; नाही आला तर काम दुसऱ्याला. शाळेतली कंत्राटी शिपायाची नोकरी सुटून आठ महिने झाले होते. बायकोने, सुलक्षणाने, गळक्या छतासाठी पत्र्यांचा भावही काढून ठेवला होता. हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो? आजचं वाचन माझं शेवटचं, एवढंच चर्चच्या उपासनेत सांगायचं उरलं होतं.

पाळकसाहेब अमळनेरहून महिन्यातून एकदा येत. शिकलेली पोरं सुरतेला गेलेली. मागे उरल्या सात म्हाताऱ्या, निरक्षर, पण कानाच्या तिखट. सुलक्षणालाही सहीपुरतंच येई. बारा वर्षं कौतिकच पवित्र शास्त्र ओळीने वाचून दाखवत होता. दोनदा संपवून ही तिसरी खेप. रिवाज असा, की काही गाळायचं नाही. आज नेमकी घराण्यांची यादी आली. नावंच नावं. काम शोधून थकलेल्या माणसाची जीभ त्यांवर अडखळत होती.

"थांब रे भाऊ," शेवंताबाई म्हणाली. तिची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. "पान सुटनं."

"नुसता नाव शेतस, अक्का."

"देवनी एकेकनं नाव ध्यानमा ठेवं, अन् तुले घाई शे?"

कौतिकला राग आला. हिला काय जातं बोलायला? मग आठवलं, हिच्या घरी चूल एकदाच पेटते. राग गेला, लाज राहिली.

बाकावर कौतिकचा फोन थरथरू लागला, ट्रकवाल्याचा. सुलक्षणाने फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. शेठच्या बायकोकडे महिनाभर खेपा घालून हे काम तिनेच मिळवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

"मांगलं पान काढा," ती म्हणाली.

फाट्यावरून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. कौतिकने ओळीवर बोट ठेवलं. शेवंताबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती. ट्रक गेला, तेव्हा दीड पान नावं उरली होती.