पुढचं बटण, मागचं बटण

केसांतली पिन.

सुर्ल्याचा चढ. लाल माती, वर सुटी खडी.

टोपलीभर उंडे, म्हणजे गोल गोवेकरी पाव, अजून गरम.

“पुढला चाक जोर लावणा नाय!” हे संजनाच्या नवऱ्याचं.

पिकअपच्या हौद्यात, टोपलीशेजारी, एका माणसाची रिकामी जागा.

ती जागा कोणाची, एवढाच रविवारचा प्रश्न होता. डिचोलीच्या आमच्या बाइकवाल्यांचा नियम असा: सुर्ल्याच्या चढावर जो पडेल त्याने उंड्यांच्या टोपलीशेजारी बसून घरी यायचं. पिकअप देवकीबाईंची, चालवणार त्याच. मागच्या दोन्ही खेपांना त्या जागेवर त्यांची सून संजना बसली होती. तिसऱ्यांदा बसायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

म्हणून टायर. ठोकळ्या-ठोकळ्यांचे बटण टायर माती घट्ट धरतात, पण रोज म्हापशाला बँकेत जायचं तर डांबरावर लवकर झिजतात. तेव्हा एकच बटण घ्यायचं, दुसरं साधं. पण कुठल्या चाकाला?

“मागे,” नवरा दत्तप्रसाद म्हणाला. “इंजिन फिरवता तो मागला चाक.”

“आणि वळता कोण? मी दोनदा पडले ती पुढचं चाक सरकून.”

“मग लाव पुढे. आई, उंडे जरा बाजूक सरकव गो, तुझी सून येता.”

त्याने मागे लावलं. तिने पुढे.

रविवारी कच्च्या रस्त्याला लागताच संजनाची बाइक खडीवर चेंडूसारखी उडायला लागली. पायथ्याशी थांबून तिने टायर अंगठ्याने दाबला. दगड.

“हा टायरवाला भिकाजी!” ती वैतागली. “आयुष्यभर खनिजाच्या ट्रकांत हवा भरली, माझ्या बाइकीतही तशीच भरली.”

केसांतली पिन काढून तिने दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हवर धरली. फुस्स.

“हवा सोडतंस? बाइक ढकलत नेतलंस घराक?” दत्तप्रसाद हसला.

“तू वर भेट.”

टायर मऊ झाले. मागचं चाक थोडं घसरलं, शेपटीसारखं हललं, पण पुढचं माती धरून राहिलं, आणि ती शेवटच्या वळणावरून सरळ वर गेली. वर पोचल्यावर तिने हॉर्न इतका वाजवला की खालून देवकीबाईंनी पिकअपचा वाजवला.

मग दत्तप्रसाद. जोर होता, भरपूर होता. वळणावर त्याने हँडल वळवलं. पुढचं चाक वळलं, बाइक वळली नाही. तो अलगद आडवा झाला, लाल झाला, आणि उठून, खाली येऊन गुपचूप हौद्यात चढला.

“लागला रे?” देवकीबाईंनी विचारलं.

“नाय.”

“मग उंड्यांक हात लावू नको. ते वर पोचलेल्यांचे.”

शुक्रवारी टायर बसवून झाल्यावर भिकाजीने “वयनी, हवा किती भरू?” असं विचारलं होतं, आणि संजना फोनवरून नजर न काढता म्हणाली होती, “भरा हो, चांगली घट्ट.”