बैरंग दर्शन

मलकापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी चप्पल काढायलाही जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर लाल-पिवळं, ज्वाळांसारखं फूल झळकत होतं आणि त्याखाली इंद्रभान महाराज बसले होते. कालपरवापर्यंत हे गृहस्थ नांदुऱ्यात मोबाईलची कव्हरं विकत. आता त्यांच्या पाया पडायला रांग लागते.

"हे देवीचं ज्वालापुष्प!" महाराज गरजले. "आपल्या वेबसाइटवर दिवसाले पन्नास हजार दर्शनं! दुसऱ्या कोणाची कंबर मोडली असती बिलानं. माह्यं बिल किती? शून्य! काऊन? आपला सर्व्हर ब्रह्मांडात आहे! रोज एकशे आठ वेळा पान उघडा, संकट पळालंच म्हणून समजा!"

माझ्या शेजारी निवृत्त पोस्टमन पुंजाजी डोळे पुसत होते. "मी एक दिवस चुकलो नाही," ते म्हणाले. "एवढे लोक पाहून राह्यले अन् खर्च नाही. चमत्कार नाही तं काय?"

माझं डोकं तडकलं होतं. मी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत माझी बायको छाया बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षं रानोमाळ भटकून तिने रानभाज्यांचे फोटो काढले आणि खायचं काय, टाळायचं काय, हे सांगणारा ब्लॉग उभा केला. त्यासाठी इंटरनेटवर घेतलेल्या जागेचं भाडं महिन्याला तीनशे रुपये. या महिन्यात बिल आलं एक्केचाळीस हजारांचं! सोमवारपर्यंत भरलं नाही, तर सगळं पुसून टाकू, असं कंपनीने कळवलं होतं.

छायाजवळ तिच्या शाळेतल्या संगणकाच्या बाई रेणुका लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"आता सगळे एकदम पान उघडा!" महाराजांनी हुकूम सोडला.

रेणुकाबाईंनी एक बटण दाबलं. पान नव्याने उघडलं आणि पडद्यावरचं फूल गायब झालं. त्या जागी छायाच्या नावाचं बिल आलं, हातभर मोठ्या अक्षरांत. पहिल्या रांगेतल्या दोघांनी बिलालाही हात जोडले.

"देवीचा कोप!" महाराज ओरडले. "इथं कोणीतरी नास्तिक आहे!"

"कोप नाही, महाराज. फोटो म्या बदलला," रेणुकाबाई उभ्या राहिल्या. "तुमच्या पानावर फूल नाहीच. तिथं फक्त छायाताईच्या फोटोचा पत्ता लिहून ठेवलाय तुम्ही. भक्तानं पान उघडलं का फोटो येते ताईच्या जागेतून, अन् प्रत्येक खेपेचं भाडं चढते ताईच्या नावावर. फोटोही चांगला जड, आठ एमबीचा. ताईच्या जागेत फोटो बदलला, म्हणून इथं बदलला. हेच तुमचं ब्रह्मांड!"

"अन् ते फूल कळलावीचं आहे," छाया म्हणाली. "त्याचा कंद विषारी. म्या 'टाळायचं काय'मध्ये टाकलं होतं."

पुंजाजी हळूच उठले. "म्हंजे छायाबाई, मी रोज एकशे आठ वेळा पाह्यलं, ते तुमच्या पैशानं?"

"हाव, काका."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मग ते महाराजांकडे वळले. "आमच्या पोस्टात याले बैरंग म्हणत. पाकीट टाकणारा तिकीट लावत नाही, भुर्दंड दुसऱ्याले. चाळीस वर्षं असली पाकिटं वाटली मी, पण त्याले कोणी चमत्कार नाही म्हटलं बे!"

कोणीतरी दानपेटी छायासमोर सरकवली. तिने ती परत लोटली. "लोकायचं दान मले नको. ज्यानं फोटो वापरला त्यानं भरावं."

दाराशी पन्नास माणसं उभी राहिली, तेव्हा महाराजांनी स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या खात्यातून, सगळं बिल भरलं. छायाने त्याच संध्याकाळी सगळे फोटो लहान केले. एवढे जड फोटो तसेच चढवले, ही तिचीही चूकच होती आणि ती तिने कबूल केली.

बाबांनो, डोकं गहाण टाकून हात जोडू नका. कोणी म्हणालं की हे फुकट आहे, देव चालवतोय, तर तिथल्या तिथे विचारा की याचे पैसे कोण भरतं. उत्तर मिळालं नाही, तर आपल्याच गल्लीत चौकशी करा.