एका नळावरचे निकेल

"विचारलं तेवढंच बोला," करसल्लागाराने दारातच बहीणभावाला बजावले.

दोघांचा कारखाना पितळी नळांना निकेलचा मुलामा द्यायचा. रसायनांची टाकी तिच्याकडे, विक्री आणि हिशेब धाकट्या भावाकडे. तीन वर्षांची विक्री कमी दाखवल्याचा कर खात्याचा आरोप होता. आज तडजोड व्हायची होती: निवेदनात लपवलेली विक्री कबूल करायची, तिच्यावरचा कर भरायचा, दंड माफ, खटला नाही.

अधिकाऱ्याने भावाने लिहून आणलेला आकडा वाचला आणि मान डोलावली. घासाघीस नाही, शंका नाही. भावाचा चेहरा उजळला. तिला मात्र बरे वाटले नाही. पहिल्याच चाचणीत हवे ते उत्तर आले, की ती आधी तराजू तपासून बघायची.

"टाकी तुम्ही सांभाळता ना, मॅडम?" अधिकाऱ्याने सहज विचारले. "माझ्या घरचे नळ वर्षभरात काळे पडले. चांगल्या नळावर निकेल किती चढवावं लागतं?"

"आमची ताई मीठसुद्धा वजन करून टाकते, साहेब," भाऊ घाईने हसला. "तिला विचाराल तर संध्याकाळ होईल."

"दोन ग्रॅम," ती म्हणाली. "त्याहून कमी चढवलं तर काळा पडणारच."

"प्रत्येक नळावर?"

"प्रत्येक. मी स्वतः तपासते."

सल्लागाराने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याशेजारी बसलेल्या मदतनीस बाईंनी काहीतरी टिपून घेतले आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो बघितलाही नाही.

"मग करा सह्या. भागीदार म्हणून दोघांच्या लागतील. निवेदन खोटं निघालं तर तडजोड रद्द आणि दोघांवर खटला, हे तुमच्या सल्लागारांनी सांगितलं असेलच."

तिने निवेदन पुढे ओढले. विक्री, कबूल केलेली धरून, तीन लाख नळ. तीन वर्षांत निकेल किती आणले हे तिला बघावे लागले नाही. निकेलची मागणी ती स्वतःच नोंदवायची. एक टन. म्हणजे पाच लाख नळ. सांडलवंड धरली, गाळ धरला, तरी दीड लाख नळ कुठेच नव्हते. निकेल विकणाऱ्याकडची बिले खात्याकडे असणारच. फक्त एका नळावर किती निकेल चढते हे त्यांच्याकडे नव्हते, आणि ते आता तिनेच सांगितले होते.

तिने भावाकडे पाहिले.

"ताई, कर ना सही," तो हळूच म्हणाला. "सगळं जुळवलंय मी."

"कशाशी जुळवलंस?"

"घरी गेल्यावर बोलू. इथं शाळा घेऊ नकोस माझी."

अधिकारी शांतपणे वाट बघत होता. त्याला कसलीच घाई नव्हती. सही झाली की त्याचे काम सोपे होणार होते.

खरा आकडा मांडला तर कारखाना विकावा लागेल, हे तिला कळत होते. सही केली तर कारखाना जाईलच, पाठोपाठ भाऊ तुरुंगात. आणि तीही.

तिने पेनाचे टोपण लावले. "साहेब, या निवेदनात दुरुस्ती करता येते?"

"ताई!" भावाची खुर्ची करकरली. "तू माझी बहीण आहेस की यांची?"

"सहीआधी येते," अधिकारी म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. त्याने मदतनीस बाईंना दार लावून घ्यायला सांगितले, आपले पेन काढले आणि कोरा कागद समोर घेतला.

"बोला. किती नळ?"

भाऊ तिच्याकडे बघत नव्हता. तिने आकडा सांगितला.