सोमवारचा ब्लँक कॉल

साप्ताहिकाच्या कचेरीत त्याला सगळे पारखी म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. नऊ वर्षं तो शेवटून दुसरं पान लिहीत होता. कुठला पंखा कुरकुरतो, कुठला मिक्सर वर्षभरात मान टाकतो, घरातल्या कुठल्या वस्तूला आता निरोप द्यावा. लिहायचा झोकात आणि ठासून. एकदा त्यानं एका इस्त्रीला नावं ठेवली, तर ती महिनाभर दुकानात तशीच पडून राहिली. हा किस्सा ऐकला नाही असा माणूस त्याच्या ओळखीत नव्हता.

केस मात्र तो वीस वर्षं एकाच ठिकाणी कापून घेई. सलूनवाले काका साठी ओलांडलेले, आणि त्यांची जीभ कात्रीच्या दुप्पट चाले. त्या दिवशी जीभ बंद होती. निम्मं डोकं होईस्तोवर काका "मान खाली" एवढंच बोलले.

"काका, तब्येत ठीक ना?" पारखीनं आरशातून विचारलं.

"ठीक आहे." काकांनी कंगव्यातले केस झटकले. "तुमचं वाचून घरचा फोन काढून टाकला मी. लँडलाइन."

पारखी खुलला. "वा! 'कोपऱ्यात बसून फुकट जेवणारा पाहुणा', तोच लेख ना?"

"तोच. पाच महिने झाले." काकांनी कात्री खाली ठेवली. "चूक झाली हो."

उरलेलं निम्मं डोकं तसंच राहिलं आणि काका बोलत सुटले. अकरा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी भांडून घराबाहेर पडली. तिनं निवडलेला माणूस त्यांना पसंत नव्हता. रागाच्या भरात ते बोलून गेले, की पुन्हा तोंड दाखवू नकोस, तुझा आवाजसुद्धा माझ्या कानावर पडता कामा नये. पोरगी बापासारखीच हट्टी. तिनं ते अक्षरशः पाळलं. वर्षभरानं एका सोमवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी घरचा फोन वाजला. पलीकडून कुणी बोलेना. नुसता श्वास. काकांनी दोनदा हॅलो म्हटलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"कसं काय?"

"लहानपणी तिला दमा होता. उशाशी बसून तासन् तास ऐकलेला श्वास आहे तो. बापाला नाही कळणार?"

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या सोमवारी, तो फोन यायचा. काका एकटेच बोलायचे. सलूनचा आरसा बदलला, गुडघा धरतो, तुझ्या आईच्या फोटोला नवी चौकट केली. पाच-सात मिनिटांनी पलीकडे हळूच फोन ठेवला जायचा. ती बोलायची नाही, आणि "बोल ना" म्हणायला काकांची जीभ रेटायची नाही. म्हटलं आणि येणंच बंद झालं तर?

"मग काढलात कशाला?" पारखीचा आवाज चढला.

"चार महिने आला नव्हता. म्हटलं, कंटाळली असेल. त्यात तुमचा लेख. इतकं पटवून लिहिता तुम्ही." काकांनी पुन्हा कात्री उचलली, पण चालवली नाही. "आता वाटतं, ती करत असेल, तर कुठं जात असेल तो फोन?"

"तुमचा मोबाइल नंबर..."

"तिच्याकडे नाही. असता तरी काय? मोबाइलवर करणाऱ्याचा नंबर दिसतो. नुसतं येऊन जायचं, कुठून आलो ते कळू द्यायचं नाही, म्हणून तर तो जुना फोन बरा होता तिला."

पारखी घरी निघाला तो स्वतःची गल्ली ओलांडून पुढं गेला. परत फिरला. टेबलाशी बसला, उठला. व्हॅक्यूम क्लीनरवरचा लेख तीनदा सुरू केला आणि तीनदा खोडला. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती समोर पेपर तपासत बसली होती.

"काय येरझारा घालतोयस? फरशी झिजेल."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं लाल पेनचं टोपण लावलं.

"लेखात तू काय लिहिलं होतंस? कुणालाच गरज नाही, असं?"

"तसंच काहीतरी."

"कुणालाच म्हणजे तू किती जणांना विचारलं होतंस?"

त्यानं खोडलेला कागद चुरगळला. तिनंच त्याच्यापुढं मोबाइल सरकवला. "चालून काय होणार? काकांचा तो जुना नंबर आहे ना तुझ्याकडे? लावून बघ, आता कुणाला दिलाय ते."

दुसऱ्याच रिंगला एक बाई ओरडली, "कोण? मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे!" पारखीनं घाबरून फोन कापला. बायकोनं नुसतं बघितलं. मग त्यानं पुन्हा लावला आणि पत्ता विचारून घेतला.

ते सोफे दुरुस्त करायचं दुकान निघालं. दाराशीच एक सोफा पाय वर करून पडला होता, आतल्या स्प्रिंगा उघड्या. सगळीकडे स्पंजाचे तुकडे, आणि गोंदाचा वास नाकात चढत होता. दुकानवाली बाई पन्नाशीची, ओठांत बारीक खिळे धरून हातोडी मारत होती. पारखी बोलायला लागला तसे तिनं खिळे तळहातावर काढले.

"नंबर परत? अहो, मिळाल्यापासून चार महिन्यांत दुरुस्त केलेल्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाला तो चिकटवलाय. आता काय लोकांच्या घरी जाऊन खुर्च्या उलट्या करू?"

"पण तुम्ही मोबाइल का नाही..." जुनी खोड.

"दोन मेले. एक भुशानं, एक गोंदानं. हा कसा, कानाखांद्यात दाबला की दोन्ही हात मोकळे."

पारखीनं तो विषय सोडला. "तुम्हाला कधी ब्लँक कॉल येतो का?"

"आला की दोनदा! कुणीतरी टवाळ. दुसऱ्या खेपेला, गेल्याच महिन्यात, असं काही झापलं की..." त्याचा चेहरा बघून ती थांबली. "का हो? कोण आहे?"

त्यानं सांगितलं. बाई अर्धवट सोफ्याच्या हातावर बसली.

"अगं बाई. आणि मी त्या पोरीला काय काय बोलले."

"कुठल्या वारी?"

"सोमवारीच. माझा स्पंज सोमवारी येतो, म्हणून लक्षात आहे."

पारखीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. फोन येत होता. पण अशा शिव्या खाल्ल्यावर कोण पुन्हा करेल?

"त्यांना सोमवारी इथं पाठवा," बाई म्हणाली. "फोनजवळ बसू देत. बसायला काय, जागेचा तोटा आहे का इथं?"

काका आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. पारखीही आला, कुणी बोलावलं नव्हतं तरी. पहिल्या सोमवारी फोन नऊदा वाजला आणि नऊही वेळा गिऱ्हाईक निघालं. काकांनी सगळ्यांचे निरोप नीट लिहून ठेवले. दुसऱ्या सोमवारीही तेच. पारखी फुटपाथवर जाई, आत येई, रिसीव्हर नीट बसलाय का बघे.

"तुम्ही एकतर बसा, नाहीतर हातोडी घ्या," बाई करवादली.

तिसऱ्या सोमवारी पारखीच्या संपादकानं मोबाइलवर पिच्छा पुरवला. लेख नाही म्हणून त्या आठवड्यात पानावर शब्दकोडं गेलं होतं. काका त्या दिवशी कमी बोलले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी नका येऊ. तुम्हाला बघून मलाच धडधडतं."

चौथ्या सोमवारी पारखी तरीही आला. अडीचच्या सुमाराला फोन वाजला. काकांनी उचलला, "हॅलो" म्हणाले आणि डोळे मिटले. मग पारखीकडे बघून 'तीच' अशी मान हलवली.

"हां. मीच आहे," काका फोनमध्ये म्हणाले. "ऐक, गुडघा आता बरा आहे..."

बाईचं लक्ष नव्हतं, तिची हातोडी चालूच होती. पारखीनं दोन्ही हात हलवून तिला थांबवायला बघितलं. ती दचकली आणि खिळ्यांचा अख्खा डबा फरशीवर सांडला. खणखणाट झाला. काका बोलायचे थांबले.

मग रिसीव्हरमधून आवाज आला. बारीक, घोगरा, पण पारखीलाही ऐकू आला.

"बाबा? तुम्ही कुठं आहात? मागं फोन उचलत होती ती बाई कोण? घर विकलंत का?"

तिन्ही प्रश्न एका दमात. काका खाली बसले, थेट उघड्या स्प्रिंगांवर. त्यांना बोलताच येईना. तोंड उघडायचे, मिटायचे.

"बाबा, बोला ना! बरे आहात ना?"

"सोफ्याच्या दुकानात आहे," काका कसेबसे म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "नाही गं, घर आहे. सगळं आहे."

"मग फोन का काढला? दोनदा कुणी भलतंच बोलतंय. मला वाटलं, तुम्ही..." पुढचं तिनं गिळलं.

काकांनी पारखीकडे बघितलं. पारखीनं मान खाली घातली.

"माझीच अक्कल," काका म्हणाले. "दुसरं काय?"

पारखी गुडघ्यांवर बसून खिळे गोळा करायला लागला. एक खिळा बोटात घुसला तरी तो थांबला नाही. बाई त्याच्या शेजारी बसली. "मी बोलू का तिच्याशी? माफी मागते," ती कुजबुजली. पारखीनं "आत्ता नको" अशी खूण केली.

काका बराच वेळ ऐकत होते. दहा वर्षं ते बोलत आले होते, आज त्यांची पाळी ऐकायची होती. मध्येच त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "नंबर देतेय," ते म्हणाले. "स्वतःचा. काहीतरी द्या, लिहायला!"

पारखीनं खिसे चाचपले. मोबाइल होता, पेन नव्हतं. बाईनं कापडावर खुणा करायचा खडू काढून दिला, आणि समोर ताणून बसवलेलं तपकिरी रेक्झिन दाखवलं. "लिहा त्याच्यावरच, पुसता येतं."

काकांनी मोठमोठे आकडे लिहिले. पारखी एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेला, आणि पलीकडून ती दर आकड्याला "हो" म्हणत गेली.