आहे तसेच ठेवावे

सुनेशी वाद जिंकला असता, तर वेलांटीकाकांच्या पदरात दोनच गोष्टी पडणार होत्या: एक दीर्घ वेलांटी आणि रोज सकाळची अब्रू. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या या माणसाला त्यातली वेलांटी जास्त मोलाची वाटे. शेजाऱ्यांनी नाव काही उगीच ठेवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर काकांनी म्हणी गोळा करायला घेतल्या. सुतारांच्या, शिंपिणींच्या, सुइणींच्या तोंडच्या, पुस्तकात कधी न आलेल्या. सुनेनं त्यांना वेबसाइट करून दिली. लोक घरबसल्या म्हणी पाठवू लागले आणि काका त्या तपासून वर चढवू लागले. आत शिरायला पासवर्ड लागे. पहिला काकांनी स्वतः निवडला होता: एकच शब्द, आणि अर्थातच शुद्ध. पुस्तकांच्या दुकानाच्या साइटवरही त्यांनी तोच दिला होता. चांगला शब्द दोन ठिकाणी वापरला तर झिजतो थोडाच?

सून लोकांच्या वेबसाइटी राखायचीच नोकरी करायची. तिनं तो शब्द मोडीत काढला आणि एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या चार शब्दांची लांबलचक माळ ओवून दिली. ती माळ इथं सांगण्यासारखी नाही, हे उघड आहे. एवढंच, की त्यातल्या एका शब्दाच्या शेवटी तिनं मुद्दाम ऱ्हस्व वेलांटी दिली होती. शेवटी दुसरी वेलांटी येते हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. काकांची बोटं तिथं पोचली की आपोआप चूक सुधारत. पाच वेळा सुधारली की साइट पाऊण तास दार लावून घेई. मग काका सुनेला हाक मारत आणि स्वयंपाकघरातून काकू म्हणत, "झाले का पुन्हा स्वतःच्याच घराबाहेर उभे?"

शेवटी काकांनी सुनेपुढे मागणी मांडली: वेलांटी दीर्घ कर आणि ते पाच चुकांचं कुलूप काढून टाक. माझ्या म्हणी चोरून कोण गबर होणार आहे? सून म्हणाली, रविवारी बघू. अशा 'बघू'ला किती रविवार लागतात हे काकांना ठाऊक होतं. ते फुरंगटून बसले.

रविवार यायच्या आतच एका सकाळी काकांनी मनावर दगड ठेवून ऱ्हस्व वेलांटी दिली. पहिल्याच फटक्यात, बिनचूक अशुद्ध. तरी पाटी झळकली: चुका फार झाल्या, थोड्या वेळानं या. न केलेल्या चुकीचा आळ काकांवर आयुष्यात पहिल्यांदा आला होता.

सून कामावर निघाली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पहाटेपासून कुणाचं तरी यंत्र काकांच्या नावानं दार ठोठावत होतं. पाच शब्द टाकायचे, हाकललं की थांबायचं, पुन्हा पाच. थोडं शोधल्यावर तिला आणखी एक कळलं: पुस्तकांच्या दुकानाची पासवर्डांची यादी फुटली होती. काकांचा तो शुद्ध शब्द त्यात होता, त्यांच्या नावासकट.

"म्हणजे जुनाच ठेवला असता तर?"

"पहिल्या पाचातच आत आले असते, बाबा. म्हणींच्या जागी खोटे दुवे लावले असते. तुमच्यावर विश्वास ठेवून लोकांनी ते उघडले असते."

म्हणी पाठवणारी ती सगळी माणसं काकांना कागदावरच्या अक्षरांसारखी स्पष्ट दिसली. मग हळूच त्यांनी विचारलं, "वेलांटीनं अडवलं का गं?"

"एकटीच्यानं झालं नसतं ते. माळेची लांबी आणि कुलूप, त्यांनी अडवलं. पण तीही उभी होती दारात, बिचारी."

तिनं अर्धी रजा टाकली, त्या यंत्राची वाट बंद केली आणि आत शिरताना काकांच्या फोनवर वेगळा आकडा येईल अशी सोय केली. तोवर काकांनी तिच्यासाठी चहा केला, लग्न होऊन ती आल्यापासून पहिल्यांदाच. साखर विसरले. तिनं घोट घेतला, कप रिकामा केला, पण ती चूक काही दुरुस्त केली नाही. काकांच्या ते बरोबर लक्षात आलं.

छापखान्यात एखादी दुरुस्ती मागे घ्यायची असली की शब्दाखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, 'आहे तसेच ठेवावे'. संध्याकाळी कॉम्प्युटरशेजारी काकांच्या वळणदार अक्षरात तशी एक चिठ्ठी लागली. टिंबांवर शब्द मात्र नव्हता. तेवढं ते शिकले होते.

एकूण हिशेब असा: यंत्राच्या मालकाची मेहनत बुडाली, सुनेची अर्धी रजा गेली, काकूंचा रोजचा विनोद गेला. आणि दीर्घ वेलांटी गेली ती काकांची. ती किंमत त्यांनी राजीखुशीनं मोजली.